केसपेपरवरचा शब्द

हाटकेश, मीरा रोड
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सुगंधामावशी,

माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी झालंय, असं म्हणून तू पाकीट फोडायच्या आधीच घाबरशील. मी ठीक आहे. निदान आज तरी ठीक आहे.

फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही. शेजारच्या वैनींनी मधे उभं राहून माझं बोलणं तुझ्या कानात ओरडून सांगावं, तसलं हे नाही. शिवाय आमचं घर म्हणजे एक खोली, एक किचन आणि मधे पडदा. फोनवर कितीही हळू बोललं तरी सासूबाईंना ऐकू जातं. म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितेय. डबा तसाच पडलाय.

मावशी, मला दिवस गेलेत. चौथा महिना चालू आहे. कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. तोंडातून शब्द काढला की हेही जाईल असं वाटत होतं.

मार्चमधलं तुला वरवर माहीत आहे. पाचव्या महिन्यात गेलं, एवढंच तुला कळवलं होतं. खरं सांगू? मला काहीच दुखलं नव्हतं. बाथरूममध्ये पाय ओले लागले, खाली बघितलं, आणि मग डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले ती दवाखान्यात. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) म्हणाल्या, "गाठी पडल्या, बाकी काही नव्हतं." मी पुढे विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

आता भाईंदरच्या एका नवीन डॉक्टरीणबाईंकडे जातेय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तेव्हा दुखलं होतं का?" नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सोनोग्राफी करायला लावली. नंतर केसपेपरवर लिहिलं, 'इनकॉम्पिटंट ऑस'. पिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागेल, उशीर करू नका, चार-पाच दिवसांत ठरवा, म्हणाल्या. आणखीही बरंच समजावत होत्या, पण बाहेर रांग होती, त्या भरभर बोलत होत्या आणि माझं सगळं लक्ष त्या एका शब्दाकडे. आमच्या ऑफिसातल्या मिनलला मागच्या वर्षी काढलं, तेव्हा तिच्या पत्रात हाच शब्द होता. ती पर्स उचलून लिफ्टकडे कशी गेली, ते मला अजून दिसतं.

घरी आल्यावर अनिशने मोबाइलवर अर्थ काढला आणि मोठ्याने वाचला. अकार्यक्षम, अपात्र, नालायक. आई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय? परत वाच."

त्याने परत वाचलं. आई उठल्या, त्याच्या हातातून केसपेपर घेतला, घडी करून कपाटात टाकला. "त्या बाईकडे परत जायचं नाही. टाका-बिका काही नको." तेवढंच. तेव्हापासून माझ्याशी नीट बोललेल्या नाहीत. ताट वाढतात आणि तोंड फिरवतात. एकुलत्या एक मुलाच्या गळ्यात असली बायको पडली, हेच त्यांच्या मनात असणार. अनिश काशीमीऱ्याच्या गोडाऊनला जातो तो रात्रीच येतो. तो म्हणतो, आईला जरा वेळ दे. वेळच तर नाहीये, मावशी.

मला टाक्याची भीती वाटते. आत सुई लागली आणि त्यानेच गेलं तर? आणि टाका न घालण्याचीही भीती वाटते. जिना भिंतीला धरून उतरते. रिक्षावाल्याला दर खड्ड्याला "भैया, धीरे" म्हणते. शिंक आली तर नाक दाबून धरते. बाथरूमला जाताना खाली बघत नाही, आणि मग बघितल्याशिवाय राहवतही नाही.

लहानपणी तू फळ्यावर इंग्रजी शब्द फोडून दाखवायचीस, त्याची हाडं वेगळी करायचीस. हाही शब्द फोडून दाखव. माझ्यात नेमकं काय नालायक आहे ते मला कळू दे.

तुझी
समिधा


लांजा
२२ नोव्हेंबर २०२४

चि. समिधा,

तुला पोटभर आशीर्वाद. पत्र दुपारी मिळालं, उत्तर आत्ताच लिहितेय आणि लगेच स्पीड पोस्टाने पाठवतेय.

आधी शब्द. माझ्या घरचा जाड कोश वाळवीने खाल्लाय, म्हणून शाळेत जाऊन ग्रंथालयातला उघडून आले. शिपायाला वाटलं बाई पुन्हा नोकरीवर रुजू झाल्या.

'इन' म्हणजे 'नाही'. नेहमीच नाही हं. तुमच्या हाटकेशच्या गाळ्यांमध्ये रंगाच्या पिंपांवर 'इन्फ्लेमेबल' असं लिहिलेलं असेल, तिथे 'इन'चा अर्थ नकार नव्हे. ते पीप चांगलंच पेटतं. सगळ्या 'इन'ना एकाच दावणीला बांधू नये, हे मी पोरांना दरवर्षी सांगायचे. पण तुझ्या शब्दातला 'इन' खरोखर नकाराचा आहे, म्हणजे आपला 'अ' किंवा 'ना'.

आता उरलं 'कॉम्पिटंट'. त्याचं मूळ लॅटिन. 'कॉम' म्हणजे एकत्र, सोबत. 'पेतेरे' म्हणजे एखाद्या दिशेने जाणं, काही मिळवायला निघणं. दोन्ही मिळून 'कोम्पेतेरे', म्हणजे एकत्र येणं, एकमेकांना येऊन मिळणं. त्यावरून जुळणारं, पुरेसं, योग्य असे अर्थ आले. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ 'पुरेसं' असाच होता. माणसाच्या लायकीवर बोट ठेवायला तो पुढे वापरू लागले. कोर्टातसुद्धा म्हणतात, अमुक न्यायालय हा खटला चालवायला 'इनकॉम्पिटंट' आहे. म्हणून कुणी न्यायाधीशाला नालायक म्हणत नाही, तो त्याच्या अखत्यारीतला खटला नाही, एवढंच. हृदयाची झडप नीट मिटत नसेल तर डॉक्टर तिलाही हाच शब्द लावतात.

आणि 'नालायक' हाही काय मोठा शब्द आहे? फारसीचा 'ना' आणि अरबीचा 'लायक'. लायक म्हणजे शोभणारं, जुळणारं. त्याला शिवी आपण केली.

तेव्हा केसपेपरवर तुझ्याबद्दल काहीही लिहिलेलं नाही, समिधा. 'ऑस' म्हणजे तोंड, पिशवीच्या तोंडाबद्दल लिहिलं आहे. ते दोन्ही बाजूंनी एकत्र यायला हवं, मिटून राहायला हवं. तुझं तेवढं घट्ट मिटून राहत नाही. वजन वाढलं की उघडतं. म्हणून दुखलं नाही. पिशवी चांगली, बाळ चांगलं, तू चांगली. दोर सैल आहे, तो आवळायचा. टाका म्हणजे तेवढंच. मी डॉक्टर नाही, पण शब्दावरून एवढं समजतं. बाकीचं त्या डॉक्टरीणबाईंना पुन्हा जाऊन विचार, आणि रांग असली तरी उठू नकोस.

आता तुझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल मी लिहू नये, पण लिहिते. ज्या बाईला शब्दाचा अर्थ विचारण्याचीही गरज वाटत नाही आणि जी दुसऱ्याच्या मुलीच्या जिवाचा निर्णय मेथी निवडता निवडता घेते, तिच्या रागाला किती किंमत द्यायची हे तू ठरव. तुझी आई असती तर तुला हाताला धरून घेऊन गेली असती. ती नाही, म्हणून मी लिहितेय. कुणाच्या परवानगीसाठी थांबू नकोस.

तुझी
सुगंधामावशी


हाटकेश, मीरा रोड
९ डिसेंबर २०२४

ती. मावशी,

टाका घातला. दहा दिवस झाले. झोपून लिहितेय, म्हणून अक्षर असं वाकडं येतंय.

कसं झालं ते सांगते, कारण मलाच अजून नीट कळलेलं नाही. गुरुवारी ऑफिसातून आले तर आई साडी बदलून दारात उभ्या होत्या. हातात केसपेपर. म्हणाल्या, "चप्पल काढू नको. त्या डॉक्टरीणकडे जायचंय." मी विचारलं, "का?" तर म्हणाल्या, "टाका घालायला. चल." रिक्षात त्यांनी माझ्या मांडीवर हात दाबून धरला होता, प्रत्येक खड्ड्याला आणखी घट्ट. डॉक्टरांनी परत सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "तोंड आखूड होत चाललंय. आज आलात ते बरं झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी टाका घातला. मला कमरेखाली काही कळत नव्हतं, पण मी जागी होते आणि छताकडे बघत 'कॉम, पेतेरे, कॉम, पेतेरे' असं म्हणत होते, असं नंतर सिस्टरने सांगितलं. तिला वाटलं मी कुठला तरी जप करतेय.

म्हणजे तुझं पत्र मला मिळालं होतं, हे तुला कळलंच. आईंनीच निघताना हातात दिलं. पाकीट एका बाजूने उघडलेलं होतं. पोस्टात फाटलं असेल, म्हणाल्या. मी रिक्षात वाचलं.

आता बेड रेस्ट. नोकरीवरून रजा घेतलीय. पलंगाच्या पायथ्याशी विटा लावून पाय वर केलेत. खाली गल्लीत पत्रा कापायचं प्रेसमशीन आहे. ते धाडकन पडलं की पलंग हलतो आणि माझा हात पोटावर जातो. पूर्वी मला ते मशीन ऐकूसुद्धा यायचं नाही. आता दोन ठोक्यांमधे मी श्वास धरून असते. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरते. टाका सुटेल असं वाटतं. डॉक्टर म्हणतात खोकल्याने सुटत नाही. पण त्यांना काय, त्यांच्या पोटात नाहीये.

आई सगळं करतात. अंग पुसतात, वेणी घालतात. पण बोलत नाहीत. वेणी अर्धी झाली की सोडतात आणि पुन्हा पहिल्यापासून घालतात. तू त्यांच्याबद्दल जे लिहिलंस ते त्यांनी वाचलं असेल का गं? विचारायची मला भीती वाटते. टाक्याला परवानगी दिली, पण मनातून मला क्षमा केली नसेल, असं वाटत राहतं.

पाचवा महिना आता लागेल. मागच्या वेळी हाच होता.

समिधा


हाटकेश
१६ डिसेंबर २०२४

सुगंधाताईंना मंदाचा नमस्कार.

मी समिधाची सासू. आपली लग्नात भेट झाली होती, नंतर झाली नाही. माझं शिक्षण पोलादपूरला सातवीपर्यंत. चुका असतील त्या पोटात घाला. ती झोपलीय तोवर लिहून घेते. पाठवायला अनिशकडे देत नाही, मी स्वतःच पोस्टात टाकते.

तुमचं पाकीट मी फोडलं. फोडायला नको होतं. ही मला न सांगता लांज्याला पत्र लिहिते, म्हणजे हिला काहीतरी होतंय आणि ही लपवते, असं मनात आलं. हात आवरला नाही. मग सगळं वाचलं. माझ्याबद्दल लिहिलंय तेही.

ताई, मी अर्थ विचारला नाही हे खरं आहे. माझ्या पोराने सांगितला तोच मी खरा धरला. मला वाटलं, ही कोण डॉक्टरीण, जी माझ्या सुनेला कागदावर नालायक लिहिते? आधीच ती पोर झुरून अर्धी झालेली. जिच्या मनात असं, तिच्या हातात मी सुई देऊ? तिने हिला हात लावायचा? म्हणून नाही म्हटलं. मला सुनेचा राग नव्हता आला. डॉक्टरीणचा आला होता. पण हे हिला बोलून दाखवायचं तर मार्चचं सगळं निघालं असतं. म्हणून मी तोंड फिरवून काम करत राहिले.

तुमच्या पत्रात वाचलं की तो शब्द नुसता तोंड मिटत नाही म्हणून आहे. मग मला कळलं की मी हिचा घात करत होते. तशीच उठले. पुढचं तिने लिहिलं असेल.

आता मार्चचं सांगते. कुणाला सांगितलं नाही. अनिशला माहीत आहे, पण आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांत बोलत नाही.

त्या दिवशी बाथरूममध्ये मीच गेले. ही बेशुद्ध पडली होती. गाठी नव्हत्या, ताई. मुलगी होती. माझ्या एका तळहातावर मावली. सगळं होतं तिला, नखंसुद्धा. आणि ती हालत होती. थोडा वेळ. मी तिला पदरात घेऊन बसले, एका हाताने हिच्या गालावर मारत होते, उठ गं उठ गं करत. मग ती हालायची थांबली. शेजारच्यांनी गाडी आणली. हिला शुद्ध आली तेव्हा पहिलं मला विचारलं, "काय होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, गाठी होत्या. त्या वेळी खरं सांगितलं असतं तर ही उठलीच नसती असं मला वाटलं. आता सांगायची वेळ निघून गेली.

हिची वेणी घालताना मला तेच दिसतं. म्हणून मी बोलत नाही. बोलायला लागले की बाहेर पडेल. बाथरूमचं दार वाजलं की मी गॅस बंद करून बाहेर उभी राहते.

तुम्ही शिकलेल्या आहात. मला एकच सांगा. टाका टिकतो ना? परत माझ्या हातात तसं येणार नाही ना?

हिला यातलं काही कळवू नका.

मंदा


लांजा
२३ डिसेंबर २०२४

मंदाताई,

न बघता, न विचारता मी तुमच्याबद्दल जे लिहिलं, त्याची मला लाज वाटते. ते वाचूनही तुम्ही उठून तिला घेऊन गेलात. मला कुणी तसं लिहिलं असतं तर मी आधी उत्तर लिहायला बसले असते. माफ करा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बहुतेक वेळा टिकतो, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. 'बहुतेक' या शब्दाला मी कितीही फोडलं तरी त्यातून 'नक्की' निघत नाही.

तुम्ही मला विश्वासाने सांगितलंत, म्हणून मीही सांगते. समिधाच्या आईची, माझ्या धाकट्या बहिणीची, समिधाच्या आधी दोन बाळंतपणं अशीच अर्ध्यावर गेली. दोन्ही वेळा दुखलं नाही. समिधाचं पत्र वाचताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात तो धागा जुळला. तिला मी लॅटिन लिहिलं, हे लिहिलं नाही. त्या पत्रात मी जेवढी धीट वाटले, तेवढी नव्हते.

तिसऱ्या वेळी बहीण बाज उताराला लावून महिनोन् महिने पडून होती. टाका-बिका काही नाही. तेव्हा ती समिधा झाली. एवढाच धीर माझ्याजवळ आहे, तो तुम्हाला देते.

तुमचं गुपित माझ्याकडून फुटणार नाही. पण ती कधी विचारेल, तेव्हा तिला खरं सांगा. तिला ऐकण्याचा हक्क आहे, आणि तुम्हालाही ते एकटीने वाहून नेणं बरं नाही.

तुमची
सुगंधा


भाईंदर, हॉस्पिटलमधून
८ फेब्रुवारी २०२५

मावशी,

परवा सकाळी पोट दगडासारखं झालं. सुटलं, परत झालं. मी आईंना हाक मारायच्या आधीच त्या समोर होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला माझ्यापेक्षा त्यांचीच भीती वाटली. "खाली बघू नको," म्हणाल्या, "माझ्याकडे बघ." खुर्चीत बसवून अनिशने आणि खालच्या गाळ्यातल्या दोघांनी जिन्यावरून उतरवलं. ज्या मशीनला मी रोज शिव्या देते, ते बंद करून ते वर आले होते.

कळा थांबवायची सलाईन लावलीय. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणतात टाका अजून धरून आहे, पण ताण पडतोय. सातवा महिना आहे. आत्ता आलं तर काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "आत्ता यायला नको." एवढंच.

शेजारच्या कॉटवरची बाई काल इथून गेली, ती रिकाम्या हाताने. तिची आई तिच्या चपला हातात घेऊन मागून चालत होती. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

मावशी, आता शब्द नको पाठवू. मला ते सगळे पाठ झालेत आणि कळ आली की एकही उपयोगी पडत नाही. दुसरं काहीतरी लिही.

आणि एक विचारते. आईंना मार्चबद्दल काहीतरी माहीत आहे, जे मला माहीत नाही. परवा रिक्षात त्या एकसारखं म्हणत होत्या, "ह्या वेळी नाही, ह्या वेळी नाही." तुला काही बोलल्यात का?

समिधा


लांजा
१२ फेब्रुवारी २०२५

समिधा, बाळा,

शब्द नाही पाठवत.

तुझ्या आईचं सांगते. तुझ्या आधी तिची दोन मुलं गेली. पाचव्या-सहाव्या महिन्यात, न दुखता. तुला कधी सांगितलं नाही, कारण ती स्वतःच कुणाला सांगायची नाही. तुझ्या वेळी तिला पडवीत बाजेवर झोपवलं होतं. ती घाबरट होती, तुझ्याहून जास्त. पाल चुकचुकली तरी मला बोलावून घ्यायची. मी शाळेतून आले की तिच्याशेजारी वह्या तपासत बसायचे आणि ती माझा पदर बोटाला गुंडाळून पडायची. आम्ही फार बोलायचो नाही. दिवस गेला की ती म्हणायची, "आजचा गेला." मी म्हणायचे, "गेला." असं करत करत तू आलीस.

भीती जाऊ दे म्हणून मी सांगणार नाही. तिची गेली नव्हती. भीतीसकटच तिने तुला आणलं.

मार्चचं मला विचारू नकोस. ज्यांना विचारायचं त्या तुझ्या उशाशी बसल्यात. पण आत्ता नको. आधी हे पार पडू दे.

मी निघाले असते, पण गुडघा ऐकत नाही आणि तिथे येऊन मी आणखी एक आजारी व्हायची. रोज पाच वाजता ओटीवर बसते तेव्हा तुझं नाव घेते.

मावशी


हाटकेश, मीरा रोड
१३ एप्रिल २०२५

ती. मावशी,

अनिशने तुला तार केल्यासारखा मेसेज वैनींच्या मोबाइलवर पाठवला होता, तो पोचला असेल. 'मुलगी. बारीक आहे. माय-लेक दोघी आहेत.' मी सगळं सविस्तर आज लिहितेय, कारण आज पहिल्यांदा जरा निवांत बसलेय.

हॉस्पिटलमधून फेब्रुवारीत घरी सोडलं, आणि तिथून पुढे रोज मी आणि आई संध्याकाळी "आजचा गेला" म्हणायला लागलो. मीच त्यांना तुझ्या पत्रातलं माझ्या आईबद्दलचं वाचून दाखवलं होतं. मार्च संपत आला तेव्हा अंगावरून पाणी गेलं. दुपारची वेळ होती. या वेळी दुखलं, मावशी. इतकं दुखलं, आणि मला त्या दुखण्याचा आनंद होत होता, कारण मागच्या वेळी काहीच दुखलं नव्हतं. डॉक्टरांनी टाका कापला आणि तासाभरात ती आली. रडली नाही लगेच. मी विचारत होते, "रडत का नाही? कोई बोलो ना, रो क्यूँ नहीं रही?" सगळे माझ्याकडे पाठ करून तिच्यावर वाकले होते. मग मांजरीच्या पिल्लासारखा आवाज आला. तिला माझ्या गालाला लावली न लावली आणि काचेच्या पेटीत नेली.

पुढचे दिवस मी आणि आईंनी त्या कॉरिडॉरमध्ये काढले. आत नळ्या, दिवे, मशीनचे आवाज. एखादं मशीन जोरात वाजलं की बाहेरच्या सगळ्या आया एकदम उभ्या राहायच्या. ते दुसऱ्या कुणाचं निघालं की खाली बसायच्या, आणि बसल्याची लाज वाटायची.

तिथेच मी आईंना विचारलं. समोर बघतच विचारलं, त्यांच्याकडे बघवलं नाही. "मार्चमध्ये काय झालं होतं?"

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मुलगी होती."

आणि सगळं सांगितलं. मावशीला माहीत आहे हे, म्हणाल्या. नंतरचं बहुतेक तुलाही माहीत नसेल. त्या आणि अनिश तिला मुर्ध्याला घेऊन गेले होते, खाडीच्या बाजूला. तिथल्या ओळखीच्या दशरथकाकांनी जागा दाखवली, स्वतः खणून दिली. "इथं पानी चढत न्हाय," म्हणाले. अनिश तेव्हापासून मुर्ध्याच्या रस्त्याने जात नाही. तो लांबून वळसा घालतो, हे मी बघितलं होतं. ट्रॅफिक असतं म्हणायचा.

मावशी, मला राग आला. दोन दिवस मी आईंशी बोलले नाही. माझं मूल होतं, जिवंत होतं, आणि मी सोडून सगळ्यांनी ते बघितलं. वर्षभर मी 'गाठी' म्हणत होते. त्या डबा आणून बाकड्यावर ठेवायच्या आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसायच्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की तुझ्याचसाठी केलं.

तिसऱ्या दिवशी मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. विचारलं, "तिला कशात गुंडाळलं होतं?"

"माझ्या नेसत्या साडीच्या पदरात," म्हणाल्या. "दुसरं काही हाताशी नव्हतं. मऊ होता, वापरून वापरून."

मग आम्ही दोघी रडलो. बाजूच्या बाईला वाटलं आमच्या बाळाचं काही झालं. तिने मला पाण्याची बाटली दिली.

त्याच दुपारी सिस्टर दारात आल्या. "समिधा का बच्चा? आज छाती से लगाना है, स्किन टू स्किन. एक ही जन आएगा." नळी आदल्या दिवशी काढली होती. मी तोपर्यंत तिला फक्त पेटीच्या भोकातून बोटाने शिवले होते. मी उठले. आई उठल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे ठेवून.

मी म्हटलं, "आई, आज तुम्ही जा."

"मी? नको गं. माझ्या हातात नको."

"तुम्हीच."

"मला भीती वाटते, समिधा."

"मला पण वाटते. जा."

सिस्टर आधी ऐकेनात. आईच पाहिजे, म्हणत होत्या. मी म्हटलं, "वो भी माँ है." मग बांगड्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, हिरवा गाऊन घालून त्या आत गेल्या. काचेतून दिसत होतं. त्यांना खुर्चीत बसवलं, गाऊन पुढून उघडला आणि तिला त्यांच्या छातीवर ठेवलं. टोपी घातलेलं इतकंसं डोकं. आई हलल्या नाहीत. श्वाससुद्धा घेत नव्हत्या, असं मला वाटलं. मग एक हात उचलून त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला. पूर्ण पाठ त्या एका हाताखाली गेली.

वेळ झाल्यावर सिस्टर बाळ घ्यायला आल्या. आईंनी दोन्ही हात तिच्याभोवती घट्ट केले आणि मान हलवून नाही म्हटलं. सिस्टरांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी काचेवर हात ठेवला आणि खूण केली, राहू द्या.

तुझी
समिधा